हात लावू नका, मी येतो

आमच्या कॉलेजात त्यांना सगळेच ताई म्हणायचे, प्राचार्यसुद्धा. त्या कॉम्प्युटर लॅबच्या सहायक. मी तिथे नेटवर्क सांभाळायला लागलो तेव्हा त्यांच्या नोकरीला वीसेक वर्षं होऊन गेली होती. मी रेवदंड्याचा, वडील होडीवर जाणारे, घरातून ऑफिसच्या नोकरीला लागलेला पहिलाच. पहिल्या आठवड्यात ताईंनी मला अलिबागचं ते सगळं कॉलेज पायी फिरवून दाखवलं. कुठली केबल केमिस्ट्री लॅबच्या छपरातून जाते, कुठली कँटीनच्या मागच्या भिंतीतून, कुठे उंदरांनी कुरतडली म्हणून ती दोनदा बदलली, यातलं कागदावर काहीच नव्हतं. सगळं त्यांच्या डोक्यात होतं. समुद्र पाच मिनिटांवर, त्यामुळे खाऱ्या वाऱ्याने लोखंडाचं काही टिकायचं नाही. नेटवर्कच्या कपाटांच्या बिजागऱ्या गंजलेल्या, आत पाली. दर शनिवारी ताई जुन्या सुती साडीचा तुकडा घेऊन ती कपाटं पुसायच्या आणि कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या ठेवायच्या. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

हे आधी सांगतोय, कारण मी त्यांच्याशी जे वागलो ते पुढे यायचं आहे.

या कामाशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं समजावून सांगायला हवं. इमारतीतले सगळे कॉम्प्युटर तारांनी ज्या चपट्या पेटीला जोडलेले असतात तिला स्विच म्हणतात. तिला पडदा नसतो, कीबोर्ड नसतो. तिला काही सांगायचं तर आपल्या कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडायची, नाव आणि पासवर्ड देऊन आत शिरायचं आणि कमांड टाइप करायच्या. आत शिरायच्या वाटा दोन. एक म्हणजे पेटीपाशी जाऊन लॅपटॉप निळ्या केबलने थेट तिला जोडायचा. दुसरी नेटवर्कवरून, आपल्या खोलीत बसल्या बसल्या. नेटवर्कवरून येणाऱ्यांसाठी पेटीत मोजक्या जागा असतात, आमच्या स्विचमध्ये पाच होत्या. जो आत येतो त्याला स्विच एक जागा देतो. त्याचं नाव काय, तो कुठल्या कॉम्प्युटरवरून आला, किती वेळ गप्प आहे, हे सगळं लक्षात ठेवतो. आणि बराच वेळ, साधारण दहा मिनिटं, त्याने काही टाइप केलं नाही तर त्याला स्वतःहून बाहेर काढतो. परत यायचं तर परत पासवर्ड.

मला या शेवटच्या गोष्टीचा फार वैताग यायचा. काम अर्धं झालेलं असताना कुणाचा तरी प्रिंटर अडायचा, मी उठून जायचो, परत येऊन बघतो तर खिडकी बंद. नोकरीला लागून महिना झाला नसेल, मी सगळ्या स्विचवरची ती मुदत काढून टाकली. त्यासाठी एक ओळ टाइप करावी लागते, शेवटी दोन शून्यं. त्यानंतर स्विच कुणालाच बाहेर काढत नाही. माणूस जेवून आला, घरी जाऊन दुसऱ्या दिवशी आला, तरी स्विचच्या लेखी तो आतच असतो. शिवाय आत शिरायचं नावही मी एकच ठेवलं होतं, अ‍ॅडमिन. मी एकटाच वापरणारा, मग चार नावं कशाला, असा विचार होता.

पुढे वापरणारे दोघं झालो. एकदा कपाट पुसता पुसता ताईंनी विचारलं, की हे काळ्या पडद्यावरचं मला येईल का रे. मी त्यांना एक जुना लॅपटॉप आणि निळी केबल दिली आणि शिकवायला लागलो. त्यांनी शंभर पानी वही केली. कमांड इंग्रजीत लिहायच्या, उच्चार देवनागरीत, आणि समोर स्वतःच्या शब्दांत अर्थ. पोर्टला, म्हणजे स्विचमध्ये तार खोचायच्या खाचेला, त्या भोक म्हणायच्या. 'कुठलं भोक चालू, कुठलं बंद ते दाखवतो.' 'भोक बंद करतो.' 'बंद केलेलं भोक उघडतो.' आम्ही लॅबमधल्या स्विचवर एक रिकामं पोर्ट घेऊन बंद करायचो, उघडायचो. पहिल्यांदा त्यांच्या कमांडने हिरवा दिवा लागला तेव्हा त्यांनी वहीत त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. मला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर साठ कॉम्प्युटरचा हॉल आहे. तिथे तेव्हा एका प्रवेश परीक्षेचं केंद्र होतं. चौल, रेवदंडा, मुरूड, रोहा, कुठून कुठून मुलं यायची. परीक्षा घेणाऱ्या कंपनीचा निरीक्षक मुंबईहून बोटीने येऊन आदल्या दिवशी सगळं तपासायचा. हॉलची जबाबदारी ताईंची, नेटवर्कची माझी.

त्या परीक्षेच्या आदल्या दुपारी मी माझ्या खोलीतून हॉलच्या स्विचमध्ये शिरलो होतो. हॉलला खालच्या सर्व्हरशी जोडणारं एक मुख्य पोर्ट आहे. त्याला जुनं, चुकीचं नाव दिलेलं होतं, ते बदललं. तेवढ्यात कुणीतरी चहाला हाक मारली आणि मी उठलो. खिडकी तशीच उघडी राहिली आणि तीही त्या मुख्य पोर्टच्या आत, म्हणजे तिथे पुढे जी कमांड टाइप होईल ती त्याच पोर्टला लागणार. मुदत काढून टाकलेली, त्यामुळे स्विचने मला बाहेर काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो, कॉम्प्युटर जागा केला, तर ती खिडकी जशीच्या तशी माझी वाट बघत होती.

परीक्षा सुरू होऊन अर्धा तास झाला असेल. ग्रंथालयातून फोन आला, की इंटरनेट गंडलंय. कुणीतरी घरून आणलेला राउटर तिथल्या पोर्टला लावला होता. मी दुसरी खिडकी उघडून ग्रंथालयाच्या स्विचमध्ये गेलो, ते पोर्ट शोधलं आणि ते बंद करायचं ठरवलं. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी होत्या. दोन्ही स्विचच्या नावात एका आकड्याचा फरक. मी 'शटडाउन' टाइप केलं आणि एंटर दाबलं. खिडकी गोठली. मला वाटलं, नेट हळू झालं असेल. ग्रंथालयाचं पोर्ट बंद झालं का ते बघायला फोन उचलणार, तोच ताईंचा फोन आला.

"हॉलमधली सगळी मशीनं थांबली रे," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता. "सकाळी तपासायला लावलेला माझा लॅपटॉप अजून स्विचलाच आहे. त्याच्यावर ओळ आलीय. चोवीस नंबरचं भोक डाऊन म्हणतंय, आणि आधी एक मोठा शब्द आहे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्हली."

चोवीस म्हणजे ते मुख्य पोर्ट, आणि तो शब्द एकाच कारणाने येतो. तार तुटली, पेटी बिघडली, वीज गेली तर तो येत नाही. कुणीतरी आत शिरून कमांडने पोर्ट बंद केलं तरच येतो. मी समोरच्या गोठलेल्या खिडकीकडे नीट बघितलं. वर हॉलच्या स्विचचं नाव होतं आणि खाली मी लिहिलेला शब्द.

"मी देऊ का कमांड?" ताई विचारत होत्या. "वहीत आहे माझ्या. बंद भोक उघडायची."

त्या वेळी मी फक्त हो म्हणायला हवं होतं. त्यांच्या हातात लॅपटॉप होता, तो निळ्या केबलने थेट स्विचला जोडलेला होता, त्यांना कमांड येत होती. अर्ध्या मिनिटात हॉल सुरू झाला असता.

"नको," मी म्हणालो. "हात लावू नका, मी येतो."

असं का म्हणालो, याचं उत्तर मी स्वतःला बरेचदा दिलं आहे आणि दर वेळी वेगळं. त्यांना पोर्टचा नंबर चुकेल असं वाटलं, हे एक. निरीक्षकासमोर कमांडने पोर्ट सुरू झालं तर कमांडनेच बंद झालं हे उघड होईल, हे दुसरं. दुसरं खरं असावं. मैदान ओलांडून नव्या इमारतीत जाताना मी पळत होतो, पण डोक्यात मुलं नव्हती. डोक्यात, स्विचमध्ये मी अडवलेली जागा अजून दिसत असेल का, हा विचार होता.

होती. हॉलच्या मागच्या खोलीत मी ताईंच्या लॅपटॉपपुढे बसलो आणि आत कोण कोण आहे ते दाखवणारी कमांड दिली. दोन ओळी आल्या. एक निळ्या केबलची, तिच्यापुढे तारा होता, म्हणजे ज्या लॅपटॉपवर मी बघत होतो तो. दुसरी नेटवर्कवरून आलेली. नाव दोन्हींकडे तेच, अ‍ॅडमिन. पण दुसऱ्या ओळीच्या शेवटी, कुठून आला त्या रकान्यात, माझ्या खोलीतल्या कॉम्प्युटरचा पत्ता होता. पोर्ट बंद झाल्यामुळे माझी वाट तुटली होती, पण हे स्विचला कळलेलं नव्हतं आणि गप्प बसलेल्याला बाहेर काढायचं मीच बंद केलं होतं. म्हणून मी तिथे होतो, पाच-सहा मिनिटं गप्प.

निरीक्षक दारात येऊन उभा राहिला. सहा मिनिटं गेलीत, असं त्याने सांगितलं. दहा मिनिटांत जोडणी परत आली तर मुलांची घड्याळं थांबली होती तिथून सुरू होतात, नाहीतर ही बॅच रद्द करावी लागते. काय झालंय, असं त्याने विचारलं.

मी म्हणालो, "स्विच हँग झालाय. रीस्टार्ट करावा लागेल."

आणि मी ती काळी खिडकी बंद केली आणि स्विचची वायर उपसली. मी पोर्ट बंद केल्याची नोंद कायमची साठवलेली नव्हती, त्यामुळे स्विच पुन्हा चालू झाला की पोर्ट आपोआप उघडणार होतं. त्याबरोबर आतल्या जागा पुसल्या जाणार होत्या, घडलेल्या गोष्टींच्या ओळीही पुसल्या जाणार होत्या, कारण त्या नुसत्या त्याच्या चालू आठवणीत असतात. हे मला माहीत होतं. त्या स्विचला पूर्ण उठायला पाच-साडेपाच मिनिटं लागतात, हेही मला माहीत होतं. चार मिनिटं शिल्लक होती. मी वायर परत लावली आणि दिव्यांकडे बघत बसलो. ताई मागे उभ्या होत्या. काचेतून हॉल दिसत होता. मुलं हात मांडीवर ठेवून बसली होती, कारण त्यांना कशालाही हात लावायचा नाही असं सांगितलं होतं. एक मुलगी मागे वळून आमच्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघितलं की पुन्हा पडद्याकडे बघायची.

बॅच रद्द झाली. जिन्यात पालक जमले. प्राचार्य खाली येऊन हात जोडून बोलले. मुलांना तीन आठवड्यांनी पनवेलच्या केंद्रावर पुन्हा परीक्षा द्यायची होती.

निरीक्षकाच्या अहवालात स्विच हँग झाल्याचं एका वाक्यात होतं. बाकीचा अहवाल ताईंच्या लॅपटॉपवर होता. परीक्षा चालू असताना हॉलच्या स्विचला बाहेरचा लॅपटॉप जोडून ठेवला होता आणि हे नियमात बसत नाही, असं त्यात लिहिलं होतं. ते खरंच होतं. सकाळी परीक्षेआधी सगळी पोर्टं तपासून घ्यायची, हे मीच त्यांना शिकवलं होतं. तपासून झाल्यावर केबल काढायची राहिली होती.

कॉलेजने तिघांची समिती नेमली. समितीने मला बोलावून विचारलं, की असा जोडलेला लॅपटॉप असल्यामुळे स्विच बंद पडू शकतो का. मी म्हणालो, शक्यता आहे. त्यांनी ते लिहून घेतलं.

त्याच दिवशी संध्याकाळी सुटताना ताई माझ्या खोलीत आल्या. त्या बसल्या नाहीत. पर्स दोन्ही हातांनी धरून दारापाशीच उभ्या राहिल्या.

"मला आठवतंय तसं मी सकाळनंतर त्या लॅपटॉपवर काही टाइप केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण तू म्हणालास शक्यता आहे. मला खरं सांग, माझ्या हातून असं होऊ शकतं का?"

एक गोष्ट मला सुचली, आणि ती सुचली याची मला अजून लाज वाटते, कारण ती चांगली सुचली होती. मी त्यांना विचारलं, की लॅपटॉपवर काही ठेवलं होतं का. त्या म्हणाल्या, हॉल तिकिटांची फाइल ठेवली होती. मी म्हणालो, की कीबोर्डवरचा वरचा बाण दाबला गेला की आधी दिलेली कमांड परत येते, आणि आपण दोघांनी पोर्ट बंद करायचा सराव केला होता. फाइलच्या वजनाने बाण आणि एंटर दाबले गेले तर होऊ शकतं.

सराव आम्ही लॅबमधल्या स्विचवर केला होता, हॉलच्या नाही. एका स्विचवर दिलेली कमांड दुसऱ्यावर परत येत नाही. त्यांना हे माहीत असायला हवं होतं, पण मी इतक्या सहज सांगितलं, की त्यांनी मान हलवली. "तरीच तू हात लावू नका म्हणालास," एवढं बोलून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुलासा लिहून दिला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे', अशी त्याची सुरुवात होती. समितीने त्यांच्या सेवापुस्तकात समज दिल्याची नोंद केली आणि त्यांना लॅबमधून काढून परीक्षा विभागात जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे लावायला दिलं. परीक्षा कंपनीने आमचं केंद्र बंद केलं. तेव्हापासून इकडच्या मुलांना पनवेलला नाहीतर त्याच्याही पुढे जावं लागतं. नऊचा पेपर असला की मुरूडकडची मुलं आदल्या दिवशीच जाऊन कुणाच्या तरी ओळखीच्या घरी राहतात. त्या मुलांमध्ये माझ्या गावची मुलं असतात. स्टँडवर पालक मला विचारायचे, की तुमच्या कॉलेजातलं केंद्र का गेलं हो. मी म्हणायचो, तांत्रिक कारण.

मी एक केलं. त्याच महिन्यात सगळ्या स्विचवर मुदत परत लावली, पाच मिनिटांची. प्रत्येक माणसाला वेगळं नाव दिलं. कोण कधी आत आलं आणि कुठली कमांड दिली हे वेगळ्या कॉम्प्युटरवर साठत राहील अशी व्यवस्था केली. झालेल्या प्रकारातून आपण शिकलो, असं म्हणून प्राचार्यांनी स्टाफच्या मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. टाळ्या वाजल्या. ताई मागच्या रांगेत होत्या, त्यांनीही वाजवल्या.

त्यानंतर त्या वर्षभर कॉलेजात होत्या. मला बघून हसायच्या, आईची चौकशी करायच्या. पण कॉम्प्युटरला त्या हात लावायच्या नाहीत. परीक्षा विभागात एक मशीन होतं, त्याच्यावर साधी यादी उघडायची असली तरी शेजारच्या क्लार्कला सांगायच्या. मी ते बघत होतो. सांगावं असं मला रोज वाटायचं, असं म्हटलं तर ते खोटं होईल. आठवडेच्या आठवडे मी विसरलेलो असायचो. मग त्या जिन्यात भेटायच्या आणि मला ते आठवायचं, तेवढ्यापुरतं. त्या निवृत्त झाल्या तेव्हा मी निरोपसमारंभाला गेलो नाही. कामाचं निमित्त सांगितलं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. नागावला त्यांची नारळ-सुपारीची वाडी आहे. यजमान आधीच वारलेले, मुलगा पुण्याला. घराच्या मागच्या दोन खोल्या त्या पर्यटकांना देतात. वायफाय बंद पडलंय, पाहुणे कटकट करतात, वेळ असेल तर येशील का, असं विचारलं. मी रविवारी दुपारी गेलो.

त्या ओटीवर बिरडं सोलत बसल्या होत्या, भिजवून मोड आणलेले वाल. मला पाणी दिलं, राउटर कुठे आहे ते सांगितलं. राउटर भिंतीवर हाताच्या उंचीवर होता आणि त्याचं बिघडलेलं काहीच नव्हतं. मागचं बटण बंद झालं होतं. मी ते दाबलं, दिवे लागले. बाहेर येऊन सांगितलं, की नुसतं बटण होतं, तुम्हीसुद्धा केलं असतंत.

"मी हात लावत नाही," त्या म्हणाल्या, खाली बघून सोलता सोलता. "माझ्या हाताने बिघडायचंच. एकदा साठ मुलांचं नुकसान केलंय, पुरे झालं."

हे त्यांनी तक्रार म्हणून म्हटलं नाही. आपला रक्तदाब वाढतो, गुडघे दुखतात, हे माणूस सांगतो तसं सांगितलं. मी त्यांच्यासमोर पायरीवर बसलो आणि म्हणालो, की ताई, ते तुम्ही केलं नव्हतं. मग सगळं सांगितलं. उघडी राहिलेली खिडकी, ग्रंथालयाचा फोन, यादीतली दुसरी ओळ, उपसलेली वायर. चार मिनिटं शिल्लक होती आणि मला पाच लागणार हे माहीत होतं, हेही सांगितलं. सांगताना त्यांच्या हाताकडे बघत होतो. बराच वेळ तो चालू होता, मग थांबला.

"म्हणजे मी काही दाबलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नाही."

"फाइल ठेवली होती मी त्याच्यावर."

"फाइलने काही झालं नाही. ते मी बनवून सांगितलं."

त्यांनी मांडीवरचं ताट खाली ठेवलं. उठून आत गेल्या. मला वाटलं, आता परत यायच्या नाहीत. बऱ्याच वेळाने आल्या, चेहरा धुतलेला होता. पुन्हा बसल्या, पण ताट घेतलं नाही.

"मला आठवत होतं," त्या म्हणाल्या. "मी काही केलं नाही हे मला चांगलं आठवत होतं. घरी येऊन मुलाला फोनवर तसं सांगितलंसुद्धा. मग तू म्हणालास होऊ शकतं, तेव्हा वाटलं, तू शिकलेला मुलगा, तुला जास्त कळतं, मलाच आठवत नसेल. तेव्हापासून मी गॅस बंद केला का म्हणून दोन दोनदा उठते. दाराला कुलूप लावून परत येऊन बघते. नोकरीचं मी काही म्हणत नाही रे. माझा माझ्यावरचा भरवसा तू काढून घेतलास."

मी चुकलं म्हणालो, पण ते त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मला सांगितलंस. त्यांना कधी सांगणार?"

खरं सांगायचं तर तोपर्यंत मला वाटत होतं, की ताईंना सांगितलं म्हणजे सांगून झालं. मी उद्या म्हणालो. त्या म्हणाल्या, लेखी दे.

सोमवारी सकाळी मी पत्र लिहून प्राचार्यांकडे नेलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, दार लावून घेतलं आणि हे आणखी कुणाला माहीत आहे असं विचारलं. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, की केंद्र गेलं ते गेलं, त्या बाई निवृत्त झाल्या, आता उकरून कुणाचं भलं होणार. हे पत्र परत घे. त्यांनी ते टेबलावरून माझ्याकडे सरकवलं आणि माझा हात पुढे गेला होता. पत्रावर बोटं टेकली होती. हे मी ताईंना सांगितलेलं नाही. मग मी म्हणालो, की ताईंना माहीत आहे, त्या विचारायला येतील. तेव्हा त्यांनी पत्र फाइलला लावून घेतलं.

ताई आठ दिवसांनी आल्या. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, हातात जुने कागद. मलाही बोलावलं होतं. प्राचार्यांनी चहा मागवला, झाल्या प्रकाराबद्दल वाईट वाटतं असं म्हणाले. ताईंनी चहाला हात लावला नाही. सेवापुस्तकातली नोंद रद्द झाली असं लेखी हवं, आणि आपण दिलेला खुलाशाचा कागद परत हवा, एवढंच त्या म्हणाल्या. दोन्ही व्हायला महिना गेला, पण झालं. मला एक कडक भाषेतलं पत्र मिळालं, त्याची प्रत माझ्या फाइलला आहे. नोकरी राहिली. माझ्याशिवाय ते नेटवर्क कुणाला कळत नाही, हे मी एवढ्या वर्षांत करून ठेवलेलंच होतं. केंद्र परत आलं नाही. ज्या साठ मुलांना पनवेलला जावं लागलं त्यांच्यातल्या कुणाला कुणी काही कळवलं नाही. त्यांची यादीही आता कॉलेजात नाही, कंपनीकडे असेल.

त्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीतून निघाल्यावर मी ताईंबरोबर फाटकापर्यंत गेलो. नागावची सहा आसनी रिक्षा भरायची होती, आत दोघंच बसले होते. त्या उन्हातच उभ्या राहिल्या.

"तू सांगितलंस हे बरं केलंस," त्या म्हणाल्या. "पण मी विसरले असं समजू नको. मला ते अजून जमत नाहीये. जमलं तर सांगेन."

मी बरं म्हणालो. रिक्षा भरली, त्या पुढच्या सीटवर कडेला बसल्या आणि गेल्या.

दिवाळीत मी त्यांना फोन केला. त्यांनी उचलला. माझी आई कशी आहे ते विचारलं, तिच्या पायाला सूज आहे म्हटल्यावर एक लेप सांगितला. मग पाहुणे आलेत म्हणून फोन ठेवला.